डोळे निरोगी, दृष्टी अधू आणि नोंद कोरी

तक्त्यावरची खालची ओळ अडखळत का होईना वाचणारे, पण गर्दीत चार हातांवर उभी असलेली आई न सापडणारे मूल डोळ्यांच्या नेहमीच्या तपासणीत अनेकदा निर्दोष ठरते. बुबुळ स्वच्छ असते, पडदा निरोगी असतो, चष्म्याचा नंबर नाममात्र असतो. दोष असतो तो डोळ्यांकडून आलेल्या संदेशांचा अर्थ लावणाऱ्या मेंदूच्या भागात किंवा तिथवर जाणाऱ्या वाटेवर. एखाद्या जाणत्या डॉक्टरने हे निदान अचूक केले, तरी ते नोंदीत उतरवण्याची वेळ आली की पंचाईत होते, कारण आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्या मुलाच्या अडचणीला नेमका लागू पडणारा कोड सहजी सापडत नाही. ही कारकुनी अडचण आहे असे समजून तिच्याकडे दुर्लक्ष केले जाते आणि माझा आक्षेप तिथेच आहे. मेंदूतील दृष्टिमार्गांच्या विकारांचे आजचे वर्गीकरण इजा कुठे झाली हे विचारते, ती कशामुळे झाली हे अर्धेमुर्धे विचारते, आणि माणसाला नेमके काय दिसत नाही हे जवळजवळ विचारतच नाही. ज्यांची दृष्टी मेंदूत अडते अशी माणसे, विशेषतः मुले, त्यामुळे मोजणीतून गळतात, आणि जे मोजले जात नाही त्याच्यासाठी ना तज्ज्ञ तयार होतात, ना पैसा उभा राहतो.

रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची, म्हणजे आयसीडीची, सुरुवात मृत्यूच्या कारणांच्या यादीने झाली. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी तयार केलेली यादी १८९३ मध्ये शिकागो येथे आंतरराष्ट्रीय संख्याशास्त्र संस्थेने स्वीकारली. १९४८ च्या सहाव्या आवृत्तीपासून हे काम जागतिक आरोग्य संघटनेकडे आले आणि मृत्यूबरोबरच जिवंत माणसांच्या आजारांचीही नोंद त्यात होऊ लागली. दहाव्या आवृत्तीला १९९० मध्ये मान्यता मिळाली. अमेरिकेने तिचे विस्तारित वैद्यकीय रूप, म्हणजे आयसीडी-१०-सीएम, १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आणले. अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये मंजूर होऊन १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. हा इतिहास थोडक्यात सांगण्याचे कारण एवढेच की या यादीचा मूळ प्रश्न ‘माणूस कशाने मेला’ हा होता. ‘माणूस कसा जगतो आहे’ हा प्रश्न तिला नंतर जोडला गेला, आणि दृष्टीच्या बाबतीत तो अजून नीट जोडला गेलेला नाही.

दृष्टिमार्ग कसा जातो हे पाहिले की वर्गीकरणाची रचनाही समजते. प्रत्येक डोळ्याच्या पडद्यापासून सुमारे दहा लाख तंतूंची ऑप्टिक नर्व्ह निघते. दोन्ही नर्व्ह मेंदूच्या तळाशी, पिट्यूटरी ग्रंथीच्या वर, एकत्र येतात. या जागेला ऑप्टिक कायझमा म्हणतात. इथे प्रत्येक डोळ्यातले नाकाकडच्या बाजूचे तंतू ओलांडून पलीकडे जातात. त्यामुळे कायझमाच्या पुढे डाव्या मेंदूत दोन्ही डोळ्यांचा उजवीकडचा देखावा आणि उजव्या मेंदूत दोन्ही डोळ्यांचा डावीकडचा देखावा जातो. पुढे ऑप्टिक ट्रॅक्ट, मग मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमधले जेनिक्युलेट केंद्र, तिथून पसरणारे ऑप्टिक रेडिएशनचे तंतू, आणि शेवटी डोक्याच्या मागच्या भागात असलेला व्हिज्युअल कॉर्टेक्स. दहाव्या आवृत्तीत एच४७ या एका शीर्षकाखाली हा सगळा रस्ता येतो. ऑप्टिक नर्व्हचे इतर विकार एच४७.०, नर्व्हच्या चकतीची, म्हणजे ती डोळ्यातून जिथून निघते त्या जागेची, सूज एच४७.१, नर्व्हचा क्षय, म्हणजे तिचे तंतू झिजणे, एच४७.२, चकतीचे इतर विकार एच४७.३, कायझमा एच४७.४, त्यामागचे सगळे तंतुमार्ग एच४७.५ आणि व्हिज्युअल कॉर्टेक्स एच४७.६. हे सारे बसवले आहे ते ‘डोळा व त्याचे उपांग’ यांच्या प्रकरणात. मेंदूचा मागचा भाग डोळ्याच्या प्रकरणात असावा यात मला स्वतःला गैर वाटत नाही, कारण रुग्णाची तक्रार दृष्टीचीच असते. खटकते ते वेगळेच.

या शीर्षकाचा पुढचा भाग दाट आहे आणि मागचा विरळ. आयसीडी-१०-सीएममध्ये चकतीच्या सुजेचे प्रकार डोक्यातील दाब वाढल्याने, डोळ्यातील दाब घटल्याने, पडद्याच्या विकारामुळे असे वेगवेगळे केलेले आहेत. फॉस्टर केनेडी सिंड्रोम हा अत्यंत दुर्मिळ प्रकार आहे, पण त्यालाही उजवा डोळा, डावा डोळा, दोन्ही डोळे आणि बाजू नमूद नाही असे चार स्वतंत्र कोड आहेत. नर्व्हचा क्षय प्राथमिक आहे, आनुवंशिक आहे की काचबिंदूमुळे आहे हेही वेगळे नोंदवता येते. शिवाय नर्व्हचा दाह एच४६ मध्ये आणि काचबिंदू एच४० मध्ये, म्हणजे त्यांना स्वतःची पूर्ण शीर्षके आहेत. कायझमाच्या मागे गेलो की मात्र ट्रॅक्ट, जेनिक्युलेट केंद्र आणि रेडिएशन ही तीन वेगळी ठिकाणे एकाच एच४७.५ मध्ये कोंबलेली दिसतात. रेडिएशनचा मेंदूच्या कानाकडच्या टेम्पोरल खंडातून वळसा घेणारा भाग दुखावला तर दृष्टिक्षेत्राचा वरचा चतुर्थांश जातो आणि माथ्याकडच्या पराएटल खंडातून जाणारा भाग दुखावला तर खालचा. ज्याच्या क्षेत्राचा खालचा भाग गेला आहे तो जिन्यावर पडतो, ज्याचा वरचा गेला आहे तो सहसा पडत नाही. त्यांच्या रोजच्या जगण्यातला हा फरक एच४७.५ या कोडातून कळत नाही.

हा असमतोल कुणाच्या दुष्टाव्यातून आलेला नाही. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण, ऑफ्थॅल्मोस्कोप, आणले आणि डॉक्टरांना पहिल्यांदा जिवंत माणसाच्या ऑप्टिक नर्व्हची चकती दिसू लागली. जे डोळ्यांनी दिसले त्याचे बारकावे वर्णिले गेले, जे वर्णिले गेले त्याचे प्रकार पडले, आणि त्या प्रकारांना पुढे कोड मिळाले. चकतीमागचा प्रदेश विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात सीटी स्कॅन आणि त्यानंतर एमआरआय येईपर्यंत जिवंत माणसात जवळजवळ अदृश्यच होता. तपासणीच्या साधनांचा इतिहास असा वर्गीकरणात गोठून राहिला आहे. साधने बदलून आता अर्धे शतक होत आले, तेव्हा गोठलेले वितळवायला हरकत नसावी.

आता उजव्या-डाव्या बाजूच्या प्रश्नाकडे येऊ. तो तांत्रिक वाटतो, पण माझ्या मते या विषयातली सर्वांत बोलकी त्रुटी तीच आहे. आयसीडी-१०-सीएम २०१५ मध्ये लागू झाली तेव्हा कॉर्टिकल अंधत्वाला तीन कोड होते: मेंदूची उजवी बाजू एच४७.६११, डावी बाजू एच४७.६१२ आणि बाजू नमूद नाही एच४७.६१९. दोन्ही बाजूंसाठी कोड नव्हता. पण कॉर्टिकल अंधत्व ही अवस्था व्हायला कॉर्टेक्स दोन्ही बाजूंनी निकामी व्हावा लागतो. एकच बाजू गेली तर अंधत्व येत नाही, दोन्ही डोळ्यांच्या देखाव्याचा एक अर्धा भाग जातो. अर्थात ज्या बाजूने ही अवस्था होऊच शकत नाही त्या बाजूंचे दोन कोड उपलब्ध होते आणि जिच्यामुळे ती होते तिचा एकही नव्हता. दोन्ही बाजूंचा कोड नसेल तेव्हा उजवा आणि डावा असे दोन्ही कोड लिहावेत असा कोडिंगचा नियम आहे, आणि तो पाळला तर माहिती वाचते. परंतु घाईत भरलेल्या कागदावर डॉक्टरने बाजू लिहिलेली नसते, नोंदींना कोड लावणाऱ्या कर्मचाऱ्याला, म्हणजे कोडरला, ती स्वतःच्या मनाने ठरवण्याची मुभा नसते, आणि मग ‘बाजू नमूद नाही’ हाच सोयीचा पर्याय उरतो. एच४७.५ मधल्या कोडांचीही रचना अशीच, उजवी, डावी आणि अनिर्दिष्ट. मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांमध्ये मेंदूतील पोकळ्यांभोवतीच्या पांढऱ्या भागाला होणारी इजा बहुधा दोन्ही बाजूंच्या रेडिएशनला धक्का देते. त्या बाळांची नोंदही याच खिडकीतून आत यायची.

यात आणखी एक फसवी गोष्ट आहे. एच४७.६ मधली ‘बाजू’ मेंदूची असते, तर अर्ध्या दृष्टिक्षेत्राच्या लोपाच्या एच५३.४६ या कोडातली ‘बाजू’ देखाव्याची असते. डाव्या मेंदूत पक्षाघात झालेल्या माणसाला उजवीकडचे दिसत नाही. एकाच माणसाच्या एकाच आजाराच्या नोंदीत एका कोडात ‘डावी’ आणि दुसऱ्यात ‘उजवी’ असे आले तरच ती नोंद बरोबर ठरते. हे ठाऊक नसलेला माणूस दोन्हींपैकी एक चुकीचे समजून ते ‘सुधारेल’ ही भीती खरी आहे, आणि पुढे त्याच नोंदींवर संशोधन करणारा माणूस चुकीच्या बाजूची इजा शोधत बसेल. कोड बनवणाऱ्यांनी एका वाक्याची सूचना जागीच छापली असती तर हा घोटाळा बराच टळला असता.

कारणांकडे पाहिले तर उणीव आणखी ठळक दिसते. कॉर्टेक्सच्या विकारांचे कारणानुसार पोटविभाग तीन आहेत: दाहजन्य, गाठीमुळे होणारे आणि रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे होणारे. ही चौकट अमेरिकेच्या आधीच्या आयसीडी-९-सीएममध्येही होती आणि ती जवळजवळ जशीच्या तशी पुढे आली. मार लागून झालेली इजा एस०४.०४ या वेगळ्या प्रकरणात जाते. प्रौढांच्या आजारांपुरती ही विभागणी चालून जाते. मुलांच्या बाबतीत ती कोलमडते, कारण जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे, मुदतीपूर्वी जन्म, नवजात अवस्थेत रक्तातली साखर धोकादायक घसरणे, मेंदूची जन्मजात रचनाच वेगळी असणे, काही आनुवंशिक विकार, ही मुलांमधली नेहमीची कारणे आहेत आणि त्यांतले एकही या तिघांत सरळ बसत नाही. राहतो तो ‘कॉर्टिकल अंधत्व’ हा कोड. पण यातली बहुतेक मुले आंधळी नसतात. त्यांना दिसते, कधी बरे, कधी कमी, ओळखीच्या जागी बरे, गजबजलेल्या जागी कमी, ताजेतवाने असताना बरे, दमल्यावर कमी. अशा मुलाच्या कागदावर अंधत्व लिहायला डॉक्टर धजावत नाहीत, आणि तो संकोच समजण्यासारखा आहे. मग दृष्टिमार्गाचा ‘अनिर्दिष्ट विकार’ लिहिला जातो किंवा काहीच लिहिले जात नाही. मेंदूतील दोषामुळे दृष्टी अशी अधू होणे, म्हणजे सेरेब्रल व्हिज्युअल इम्पेअरमेंट किंवा सीव्हीआय, हे श्रीमंत देशांमध्ये बालपणीच्या दृष्टिदोषाचे प्रमुख कारण मानले जाते. फॉस्टर केनेडी सिंड्रोमला चार कोड देणारी व्यवस्था लागू झाली तेव्हा या विकाराला तिच्यात स्वतःच्या नावाची एकही जागा नव्हती.

ज्ञानाचा तुटवडा होता म्हणून असे झाले असे म्हणता येणार नाही. रशिया-जपान युद्धात डोक्यातून गोळी आरपार गेलेल्या सैनिकांची तपासणी करून जपानी नेत्रतज्ज्ञ तात्सुजी इनोऊये यांनी १९०९ मध्ये व्हिज्युअल कॉर्टेक्सचा पहिला पद्धतशीर नकाशा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी हंगेरीचे रेझो बालिंट यांनी असा रुग्ण वर्णिला की ज्याला एका वेळी एकच वस्तू दिसे आणि दिसणाऱ्या वस्तूकडे हात नेमका नेता येत नसे. पहिल्या महायुद्धातील जखमींवरून गॉर्डन होम्स यांनी नकाशा अधिक पक्का केला, आणि १९१७ मध्ये जॉर्ज रिडॉक यांनी दाखवले की आंधळ्या झालेल्या दृष्टिक्षेत्रातही काहींना हालचाल तेवढी जाणवते. १९८३ मध्ये योसेफ झील आणि सहकाऱ्यांनी नेमके उलटे उदाहरण नोंदवले: त्या बाईंना वस्तू दिसत, त्यांची हालचाल दिसत नसे. कपात चहा ओतताना द्रव त्यांना थिजल्यासारखा दिसे आणि भरत आलेला कप कुठे थांबवावा हे कळत नसे. १९८२ मध्ये मिश्किन आणि अंगरलायडर यांनी, आणि पुढे १९९२ मध्ये गुडेल आणि मिल्नर यांनी, कॉर्टेक्सपासून निघणाऱ्या दोन प्रवाहांची मांडणी केली. खालचा प्रवाह वस्तू आणि चेहरे ओळखण्याचा, वरचा प्रवाह जागेचा अंदाज घेऊन हालचालीला दिशा देण्याचा. या शंभर वर्षांच्या अभ्यासाचे सार एवढेच निघते की ‘दिसणे’ हे अनेक कामांचे मिळून बनते आणि त्यातले एखादे काम बंद पडून बाकीची चालू राहू शकतात.

वर्गीकरणात या कामांना मिळालेली वागणूक मात्र इतस्ततः विखुरलेली आहे. दृष्टिक्षेत्राचा लोप एच५३ मध्ये. दिसूनही न ओळखणे, म्हणजे व्हिज्युअल ॲग्नोसिया, आर४८ मध्ये, लक्षणांच्या प्रकरणात. मूळ पक्षाघात आय६३ मध्ये, नवजात बाळाच्या मेंदूला झालेला प्राणवायूचा तुटवडा पी९१ मध्ये, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणे, जी८० मध्ये. दृष्टिदोषाची तीव्रता एच५४ मध्ये. एका मुलाची खरी अवस्था सांगायची तर या सगळ्या प्रकरणांतून वेचून कोड एकत्र आणावे लागतात. व्यवहारात पहिला कोड लिहिला जातो, दुसरा लिहिला जातो, आणि दृष्टीचा कोड तिसरा-चौथा असल्याने राहून जातो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या फाइलमध्ये चालण्याविषयी पाने असतात आणि पाहण्याविषयी ओळ नसते, याचे एक कारण हे आहे.

एच५४ बद्दल स्वतंत्रपणे बोलणे भाग आहे, कारण सवलती, विशेष शिक्षण आणि आकडेवारी यांच्या पायाशी बहुतेक ठिकाणी त्याच्यासारखेच निकष असतात. दहाव्या आवृत्तीत चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ (इतरांना १८ मीटरवरून दिसते ते ६ मीटरवरून दिसणे) पेक्षा कमी असेल तर मध्यम दोष, ६/६० पेक्षा कमी असेल तर तीव्र दोष, ३/६० पेक्षा कमी असेल तर अंधत्व. दृष्टिक्षेत्र मध्यबिंदूपासून दहा अंशांच्या आत आकसले असेल तरीही अंधत्व. अकराव्या आवृत्तीने ६/१२ पेक्षा कमी दृष्टीचा सौम्य गटही जोडला. या निकषांचा मोठा गुण हा की ते कुठेही, कमीत कमी साधनांत मोजता येतात, आणि मोतिबिंदू, काचबिंदू, चष्म्याचा नंबर यांसाठी ते योग्यच आहेत. पण काळ्या अक्षरांची एक ओळ, पांढऱ्या पार्श्वभूमीवर, शांत खोलीत, हवा तेवढा वेळ घेऊन वाचण्याची ही परीक्षा आहे. ज्याचा दोष गर्दी, गोंगाट, वेग आणि एकाच वेळी अनेक वस्तू यांतच प्रकट होतो, त्याच्यासाठी परीक्षेची खोलीच दोष लपवते. सीव्हीआय असलेल्या मुलाची दृष्टी ६/९ भरली की ते एच५४ च्या कोणत्याही गटात पडत नाही. शाळेत तेच मूल पानभर मजकुरातली ओळ हरवते, फळ्यावरून वहीत उतरवताना मागे पडते, मैदानात चेंडू अंगावर येईपर्यंत हलत नाही, आणि आळशी, हट्टी किंवा लक्ष न देणारे ठरते. प्रौढांचीही हीच गत होते. मेंदूच्या मागच्या भागाच्या क्षयाने दृष्टीचे आकलन हळूहळू जाणारी माणसे चष्म्यामागून चष्मे बदलत राहतात, आणि डोळ्यांत काही सापडत नाही म्हणून काहींच्या नोंदीत मानसिक कारणाचा शेरा येतो. एकदा तो शेरा पडला की पुढचा डॉक्टर त्याच चष्म्यातून पाहतो.

या मांडणीवर घेतले जाणारे आक्षेप मला गंभीर वाटतात. पहिला असा की कोड हे आकडेवारी आणि बिलांसाठी असतात, रुग्णाला ओळखणारा डॉक्टर कोडवर उपचार करत नाही. हे एका रुग्णापुरते खरे आहे. पण त्या डॉक्टरकडे रुग्ण पोचेल का, त्या शहरात असा डॉक्टर असेल का, दृष्टीच्या पुनर्वसनाचा खर्च कुणी उचलेल का, हे निर्णय रुग्णाला कधी न भेटलेली माणसे आकडे पाहून घेतात. त्यांच्यासमोर ‘अनिर्दिष्ट’ या रकान्यात साचलेला ढीग असेल तर त्यातून कुणाची गरज वाचता येणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आयसीडी-१०-सीएममध्ये कोड आधीच सुमारे सत्तर हजार आहेत आणि कोड वाढले की चुकाही वाढतात. कोडरने पाहिलेला असतो तो कागद, रुग्ण नव्हे. बारकावा मागणारा प्रत्येक कोड डॉक्टरकडून एक वाक्य जास्त मागतो, आणि ते वाक्य आले नाही तर बारीक कोड निरुपयोगी ठरतो. मी हे मान्य करतो आणि म्हणूनच कोडांची संख्या वाढवा असे माझे म्हणणे नाही. कुणी कधी न वापरणारे बाजूंचे कोड कमी झाले तरी चालतील. मागणी आहे ती जागा योग्य गोष्टीला देण्याची, म्हणजे दोन्ही बाजूंच्या इजेला, मुलांमधल्या खऱ्या कारणांना आणि बंद पडलेल्या कामाला.

तिसरा आक्षेप असा की सीव्हीआयची व्याख्याच वादग्रस्त आहे, मग त्याला कोड कसा द्यायचा. व्याख्येविषयी मतभेद बराच काळ होते हे खरे. परंतु अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये भरवलेल्या कार्यशाळेतून पुढे आलेली कामचलाऊ व्याख्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती पुरेशी नेमकी आहे. मेंदूतल्या दोषामुळे दृष्टीवर प्रक्रिया करणाऱ्या मार्गांच्या विकासावर होणारा परिणाम तिच्या केंद्रस्थानी आहे. डोळ्याचा आजार सोबत असला तरी एकट्या त्या आजाराने जेवढी उणीव अपेक्षित असते तिच्याहून अधिक उणीव दिसली पाहिजे, अशी अट ती घालते. भाषेचे, शिकण्याचे किंवा सामाजिक संवादाचे विकार सोबत असू शकतात, पण मूळ दोष तो नव्हे, हेही ती सांगते. आणि मेंदूला इजा झाल्याचे निदान आधी झालेले नसेल, तर दृष्टीच्या अडचणींवरूनच ते पुढे येऊ शकते हे ती मान्य करते. वैद्यकात याहून सैल व्याख्यांना कोड मिळालेले आहेत. शिवाय कोड मिळाल्यावरच नोंदी जमतात आणि नोंदी जमल्यावरच व्याख्या घासूनपुसून निघते. उलट क्रमाने वाट पाहायची तर ती संपणार नाही. ‘डोळ्याच्या आजाराहून अधिक’ ही अट तर कोडिंगच्या दृष्टीने फारच महत्त्वाची आहे, कारण या मुलांपैकी अनेकांना नर्व्हचा क्षयही असतो, त्याचा एच४७.२ कोड पटकन सापडतो, आणि तो सापडला की मागे मेंदूत काय बिघडले आहे याचा शोध थांबतो.

अकराव्या आवृत्तीने वाट मोकळी केली आहे हे मी आनंदाने मान्य करतो. तिच्यात प्रकरणाची हद्दच दृष्टिसंस्थेपर्यंत वाढवली आहे, आणि त्याहून मोलाची सोय म्हणजे मूळ कोडाला बाजू, तीव्रता, कारण असे जोडकोड लावून एक साखळी बनवता येते. डावी, उजवी, दोन्ही यांचे वेगळे कोड छापत बसण्याची गरज तिथे उरत नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेचेच २००१ चे कार्यक्षमतेचे वर्गीकरण, आयसीएफ, दृष्टीची तीक्ष्णता आणि क्षेत्र यांना एका ठिकाणी आणि दृश्य आकलनाला वेगळ्या ठिकाणी, बी१५६१ या कोडाखाली, नोंदवण्याची सोय देते. साधने हाताशी आहेत. अडचण अशी की जोडकोड ऐच्छिक ठेवले तर ते लिहिले जाणार नाहीत, आणि आयसीएफ पुनर्वसन विभागापुरते राहिले तर रुग्णालयाच्या मुख्य नोंदीत त्याची सावलीही पडणार नाही. अकरावी आवृत्ती स्वीकारताना जुन्या कोडांचे नव्यात यांत्रिक रूपांतर करून काम संपवण्याचा मोह प्रत्येक देशाला होईल. तसे झाले तर ‘अनिर्दिष्ट’ मधून निघालेला ढीग नव्या ‘अनिर्दिष्ट’ मध्ये जाऊन पडेल.

मला स्वतःला जे ताबडतोब करण्यासारखे वाटते ते वर्गीकरणाच्या समित्यांवर अवलंबून नाही. ज्या रुग्णालयात मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात, नवजात बाळाच्या मेंदूची इजा किंवा मुदतीपूर्वी जन्मलेले बाळ यांच्यावर उपचार होतात, तिथल्या डिस्चार्ज समरीत दृष्टीचा वेगळा रकाना असावा, आणि त्यात तीन गोष्टी लिहिणे सक्तीचे असावे: मेंदूची कोणती बाजू दुखावली, देखाव्याची कोणती बाजू गेली, आणि रुग्णाला रोजच्या कोणत्या कामात दिसण्याची अडचण येते. पहिल्या दोन वाक्यांवरून कोडर आजच्या कोडांतही अचूक नोंद करू शकतो. तिसऱ्याला आज कदाचित जागा मिळणार नाही, पण ते लिहिलेले असेल तर उद्या कोड आल्यावर जुन्या नोंदी पुन्हा वाचून मोजणी करता येईल. तपासणी झाली नसेल तर रकाना कोरा न ठेवता ‘तपासले नाही’ असे लिहावे, कारण न तपासलेली दृष्टी आणि निर्दोष दृष्टी या दोन गोष्टी आजच्या कागदावर सारख्याच दिसतात. ‘अनिर्दिष्ट’ कोड पहिल्या भेटीपुरता मान्य करावा आणि त्यानंतरच्या भेटीत तोच पुन्हा आला तर डॉक्टरकडे विचारणा जावी.

समित्यांकडून अपेक्षा आहे ती त्यांच्या वार्षिक सुधारणेत बसेल एवढीच. सीव्हीआयला कॉर्टिकल अंधत्वापासून स्वतंत्र जागा, कॉर्टेक्स आणि तंतुमार्गांच्या विकारांना ‘दोन्ही बाजू’ हा पर्याय, कारणांच्या यादीत जन्मावेळच्या आणि विकासातल्या इजेचा समावेश, आणि दृष्टिदोषाच्या तीव्रतेच्या गटांशेजारी, तीक्ष्णता चांगली असूनही आकलन अधू असलेल्यांसाठी एक गट. यातले शेवटचे सर्वांत अवघड आहे, कारण त्यासाठी गर्दीत, वेगात आणि थकव्यात दृष्टी कशी चालते हे मोजणाऱ्या आणि सगळीकडे वापरता येतील अशा चाचण्या लागतील, आणि त्या बसवायला वेळ जाईल. ते काम आधी सुरू व्हावे. पहिल्या तीन गोष्टींना मात्र कोणत्याही नव्या चाचणीची गरज नाही.